देवमाशाचे नाव का बदलले?



परवा घोडबंदर रोडवर गायमुखजवळ बसची वाट पाहत उभा होतो. शेजारी एक वयस्कर शेतकरी आणि त्यांचा शाळकरी नातू. नातवाने पुस्तकात वाचले होते की, कच्छमध्ये सापडलेल्या एका जुन्या देवमाशाचे नाव शास्त्रज्ञांनी अकरा वर्षांत बदलले. आजोबा मला म्हणाले, "साहेब, आज एक नाव, उद्या दुसरं. मग तुमच्या शास्त्रावर भरवसा ठेवायचा कसा?"

प्रश्न रास्त होता. तो तुमच्याही मनात येत असेल, म्हणून सविस्तर सांगतो.

शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला आडनावासारखा. त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा जातीचा, त्या प्राण्याचा किंवा पिकाचा स्वतःचा. आपला उडीदच घ्या. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव 'फॅसिओलस मुंगो' आहे, नव्या पुस्तकांत 'विग्ना मुंगो'. उडीद तोच, बियाणे तेच. पण त्याची भावकी घेवड्याशी नसून चवळीशी आहे असे ठरले, म्हणून आडनाव बदलले. 'मुंगो' मात्र कायम राहिले.

देवमाशाचेही तसेच झाले. कच्छच्या हरुडी परिसरात चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे जीवाश्म, म्हणजे दगड झालेली हाडे, मिळाली. १९७५ साली अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी या प्राण्याला 'प्रोटोसेटस हरुडिएन्सिस' असे नाव दिले. प्रोटोसेटस हा इजिप्तमध्ये सापडलेला जुना देवमासा. पुढे अधिक अभ्यास झाला. याचे तोंड लांब व अरुंद, डोळे लहान. ही ठेवण प्रोटोसेटसची नव्हे. म्हणून १९८६ साली किशोर कुमार आणि साहनी यांनी त्याच्यासाठी 'रेमिंगटोनोसेटस' ही नवी प्रजाती केली. देवमाशांचे अमेरिकन अभ्यासक रेमिंग्टन केलॉग यांच्यावरून हे नाव आले. 'हरुडिएन्सिस', म्हणजे हरुडीचा, हा शब्द तसाच ठेवला. पाहा, पहिल्या नावात स्वतः साहनी होते आणि दुरुस्तीतही तेच होते!

कधी चुकीचे नावही बदलता येत नाही. १८३४ साली अमेरिकेतील एका प्रचंड प्राण्याला सरपटणारा प्राणी समजून 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव दिले गेले. रिचर्ड ओवेन यांनी त्याचे दात तपासले. दाढांना दोन मुळे होती, म्हणजे तो सस्तन प्राणी, देवमासा. त्यांनी नवे नाव सुचवले. पण आधी दिलेले नाव टिकते असा नियम आहे, त्यामुळे सरडा नसूनही तो सरडाच राहिला. आपणही 'देवमासा' म्हणतोच की! तो मासा नाही. पिलांना दूध पाजतो.

मग त्याची सोयरीक कोणाशी? २००१ साली पाकिस्तानात मिळालेल्या जुन्या देवमाशांच्या घोट्याच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती हाडे गाय, शेळी, डुक्कर या दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांसारखी निघाली. आजच्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा भाऊ पाणघोडा. पाणघोडाही नावापुरताच घोडा! घोडबंदरच्या नावात घोडा असला तरी देवमाशाचे नाते घोड्याशी नाही, गोठ्यातल्या गाईशी आहे.

नातवाने विचारले, "आपल्या डोंगरात देवमासा सापडेल का?" नाही. इथला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. देवमासे त्यानंतर दीड कोटी वर्षांनी आले. पण विहीर खणताना हाडासारखा किंवा शिंपल्यासारखा दगड कुठेही दिसला, तर तो फोडू नका. जागा आणि खोली लिहून ठेवा, जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवा. दगड कोणत्या थरातला हेच माहीत नसेल, तर त्याचे वय कसे ठरणार?

बस आली. मी आजोबांना म्हटले, "चूक दिसल्यावर जो आपले लिहिलेले खोडतो, त्याच्यावर भरवसा ठेवा. आमचा सल्लाही असाच तपासून घ्या." आजोबा हसले, नातवाचा हात धरून बसमध्ये चढले.