गावे शहरात आली. सभा कोठे गेली?

सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या धरणाकडे निघालेल्या माणसाला आज शहर कोठे संपते आणि गाव कोठे सुरू होते, हे सांगता येणार नाही. धायरी, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही परवापरवापर्यंत गावे होती. आज ती पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे शहरात सामील करण्यात आली आणि पुणे ही क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठी महानगरपालिका ठरली. या हद्दवाढीचे हिशेब पुष्कळांनी मांडले. कर किती वाढणार, पाणी किती लागणार, रस्ते किती रुंद होणार, यांवर चर्चा झाली आणि ती होणे योग्यच होते. परंतु एका गोष्टीचा हिशेब कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही. हद्दवाढीच्या आदल्या दिवशी या गावांतील प्रत्येक मतदाराजवळ एक हक्क होता; दुसऱ्या दिवशी तो नाहीसा झाला. तो हक्क म्हणजे ग्रामसभेत बसण्याचा, कारभाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारण्याचा आणि त्यांचे उत्तर सर्वांदेखत ऐकण्याचा.

ग्रामसभा ही काही कोणाच्या मर्जीने भरणारी बैठक नव्हे. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने ती वर्षातून किमान चार वेळा भरविलीच पाहिजे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले की तिची गणपूर्ती होते. तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असेही बंधन आहे. या सभेत जमाखर्च वाचला जातो, कामांची यादी मांडली जाते आणि ‘मागच्या सभेत कबूल केलेल्या गटाराचे काय झाले?’ असे कोणीही उठून विचारू शकतो. अनेक गावांत या सभा कागदावर उरकल्या जातात, सह्या घरोघर हिंडवून गोळा होतात, हे आम्ही जाणतो. परंतु चुकार माणसाला कायद्याचा बडगा दाखविता येतो तो कायदा असेल तरच. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या पाचांना एकत्र बसण्याचा अधिकार ग्रामीण महाराष्ट्रात कायद्याने आहे.

शहरात आल्यावर त्याच्या मोबदल्यात या गावांना काय मिळाले? २०२१ मध्ये आलेल्या गावांची सरपंच-पंचांची सत्ता संपली. पाठोपाठ मार्च २०२२ मध्ये खुद्द महानगरपालिकेची मुदत संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या घेण्याचा आदेश दिला, पुढे जानेवारी २०२६ अखेरची मर्यादा घालून दिली, तेव्हा कोठे १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. म्हणजे जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार एकट्या प्रशासकाच्या हाती होता. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याच्याकडे, स्थायी समितीचे अधिकार त्याच्याकडे. प्रस्ताव मांडणारा तोच आणि संमती देणाराही तोच. जुन्या पुण्यातील नागरिकाने या काळात नगरसेवक गमावला. नव्या गावांतील नागरिकाने ग्रामसभा गमावली, सरपंच गमावला आणि त्यांच्या जागी कोणीही आले नाही.

याच काळात, जानेवारी २०२५ मध्ये, याच सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे या मज्जासंस्थेच्या विकाराची साथ उद्भवली. चालती-बोलती माणसे एकाएकी हातापायांतील बळ गमावून अंथरुणाला खिळली, काही कृत्रिम श्वासावर गेली, काही दगावली. संशय पाण्यावर गेला. समाविष्ट गावांतील बऱ्याच वस्तीला पूर्ण शुद्धीकरण न झालेले, केवळ क्लोरिन घातलेले पाणी मिळत आहे, ही गोष्ट त्यानंतर साऱ्या शहराला कळली. ग्रामसभा असती तर साथ आलीच नसती, असे आम्ही म्हणणार नाही. रोगजंतू ठरावाने मरत नाहीत. परंतु ज्यांच्या नळाला ते पाणी येत होते त्यांना ते कसे आहे हे इतरांच्या आधी ठाऊक असणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. त्यांचे ते ज्ञान नोंदविले जावे, त्यावर कोणा अधिकाऱ्याने जाहीर उत्तर द्यावे, अशी एकही कायदेशीर जागा त्यांना उरली नव्हती.

येथे कोणी म्हणेल की, शहरासाठीही घटनेने तरतूद केलेलीच आहे. खरे आहे. आम्ही शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत होतो त्या काळात ७४ वी घटनादुरुस्ती नुकतीच अमलात आली होती. १ जून १९९३ ही तिची तारीख. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या स्थापन झाल्या पाहिजेत, असे तिने सांगितले. आणि कारभार आता लोकांच्या दारापर्यंत येणार, असे आम्ही मुलांना मोठ्या विश्वासाने समजावून दिले. मात्र त्या कलमात ‘एक किंवा अधिक प्रभागांसाठी’ असे शब्द आहेत. त्या ‘अधिक’ या एका शब्दाच्या आडोशाला सारा उद्देश दडपला जाईल, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नव्हते.

थोडे गणित करून पाहावे. २०११ च्या जनगणनेचे आकडे धरले तरी आजच्या हद्दीतील लोकसंख्या ३५ लाखांच्या घरात जाते. तिच्यासाठी प्रभाग आहेत ४१. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८५ हजार माणसे आणि बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. चारांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा अनुभव मतदाराला नवा नाही. अशा अनेक प्रभागांची मिळून एक समिती केली की तिच्या वाट्याला दोन लाखांहून अधिक लोक येतात. याच राज्यात २५ हजार वस्तीच्या गावाला स्वतंत्र नगरपरिषद, नगराध्यक्ष आणि स्वतःचा अर्थसंकल्प मिळतो. पुण्यातील दोन लाखांच्या वस्तीला मिळते ती एक समिती. तिच्यात त्या भागातील नगरसेवक, एक अधिकारी आणि सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी बसतात. पाणी, मलनिस्सारण, स्वच्छता यांविषयीच्या तक्रारींचा निकाल लावणे, भागाच्या अंदाजपत्रकाची शिफारस करणे आणि ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कामांना मंजुरी देणे, ही तिची कामे. कामे चांगली आहेत. त्या खोलीत सामान्य नागरिकाला खुर्ची मात्र नाही.

ही उणीव राज्यकर्त्यांच्या लक्षात आली नव्हती, असेही नाही. २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन क्षेत्रसभेची कल्पना मान्य करण्यात आली. लगतच्या काही मतदान केंद्रांचा मिळून एक परिसर धरावा, तेथील सर्व मतदार त्या सभेचे सभासद असावेत आणि त्यांनी आपल्या परिसराच्या कामांचा अग्रक्रम सुचवावा, अशी ती योजना. शहराची ग्रामसभाच ती! कायद्याच्या पुस्तकात ती आली. पुण्याच्या पेठांत आणि उपनगरांत ती नेमाने भरू लागल्याचे मात्र कोणी पाहिलेले नाही. त्याआधी, २००६ पासून, पुणे महानगरपालिकेने नागरिकांच्या सूचना घेऊन अंदाजपत्रक करण्याचा उपक्रम सुरू केला. देशातील मोठ्या शहरांत तो अगदी आरंभीचा प्रयोग होता आणि त्याबद्दल पालिकेचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु अर्ज भरून पेटीत टाकणे आणि शेजाऱ्यांसमवेत बसून ‘आधी पदपथ की आधी दवाखाना?’ हे ठरविणे, यांत फार अंतर आहे. अर्जात प्रत्येक जण आपापले मागतो. सभेत दुसऱ्याचेही ऐकावे लागते.

आधी विचारले नाही म्हणजे लोक मागाहून बोलतात, आणि मागाहून बोलतात ते रागाने बोलतात. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती आणि सूचना आल्या. मैदान कोठे असावे, रस्ता कोणत्या वाड्यावरून जावा, हे त्या त्या आळीला आधी पुसले असते, तर एवढ्या माणसांना रांगेत उभे राहून हरकत नोंदविण्याची पाळी आली असती काय? २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याच्या विरोधात नागरिक मोर्चाने रस्त्यावर उतरले, तेही याच कारणाने. आणि २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तर पुणेकर विसरणार नाहीत. आंबिल ओढ्याला पूर आला, अरण्येश्वर, सहकारनगर या भागांतील वस्तीत पाणी घुसले, सीमाभिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली. ओढा कोठे अरुंद झाला आहे आणि कोठे तुंबतो, हे काठावर राहणाऱ्याला दर पावसाळ्यात दिसते. ते त्याने सांगावे कोठे?

आक्षेप घेणारे म्हणतात, शहर हे गाव नव्हे. येथे सभा भरविली तर गोंगाट होईल, पक्षांचे कार्यकर्ते ती बळकावतील आणि कामे रेंगाळतील. हा आक्षेप सर्वस्वी खोटा आहे, असे आम्ही मानीत नाही. पहिल्या दोन-चार सभांत गोंगाट होईलही. परंतु गेल्या चार वर्षांत सभा नव्हत्या, विरोध नव्हता, गोंगाटही नव्हता. त्या शांततेत शहराच्या अडचणी सुटल्या, असे कोण म्हणेल? १८ मे १८८२ च्या ठरावात लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्य हे मुख्यतः लोकशिक्षणाचे साधन आहे, अशी भूमिका घेतली होती. महात्मा फुले ज्या नगरपालिकेचे सदस्य होते आणि नामदार गोखले ज्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते, त्या गावाला तरी हे नव्याने सांगावे लागू नये. वर्ग गलका करतो म्हणून शाळा बंद ठेवणारा शिक्षक कोणाला पटेल?

आता थोडे आपल्या वाचकांविषयी, आणि त्यांत आम्हीही आलो. पालिकेच्या निवडणुकीत जवळजवळ निम्मे मतदार घराबाहेर पडत नाहीत. सोसायटीच्या वार्षिक सभेत वाहनतळाच्या जागेवरून आपण दोन-दोन तास वाद घालतो. फाटकाबाहेरच्या फुटलेल्या जलवाहिनीचा विषय निघाला की ‘ते पालिकेचे काम’ म्हणून चहा मागवितो. आपल्या मुलांना आपण पालिकेच्या शाळेत घालीत नाही, आजारपणात पालिकेच्या दवाखान्यात जात नाही. पाणी कमी पडले तर टँकर बोलावितो. ज्या सेवा आपण पैसे मोजून चुकविल्या, त्या आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईला चुकविता येत नाहीत. क्षेत्रसभा भरली तर त्या बाईच्या शेजारच्या खुर्चीवर आपल्याला बसावे लागेल आणि तिच्या वस्तीतील नळ आपल्या बागेच्या आधी यावा, हे कदाचित मान्य करावे लागेल. या सभेची मागणी सुशिक्षित वर्गाने कधी जोराने केली नाही, त्याचे कारण येथे तर नसेल?

नव्या सभागृहापुढे आम्ही चारच गोष्टी ठेवू इच्छितो. प्रत्येक प्रभाग समितीची बैठक दरमहा ठरलेल्या दिवशी व्हावी आणि ती नागरिकांना खुली असावी. बैठकीची विषयपत्रिका आठ दिवस आधी व इतिवृत्त पंधरा दिवसांच्या आत क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावे. सामाजिक संस्थांच्या नावाने जे तीन सदस्य घ्यावयाचे, ते पराभूत उमेदवारांची सोय म्हणून घेतले जाऊ नयेत. आणि २००९ च्या दुरुस्तीतील क्षेत्रसभांचे परिसर ठरवून, त्यांचा आरंभ समाविष्ट गावांपासून व्हावा. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींना नव्या कायद्याची गरज नाही, मोठ्या खर्चाचीही नाही. चौथीसाठी राज्य शासनाची मान्यता लागत असेल, तर ती मागणारा ठराव सभागृहाने करावा.

समाविष्ट गावांचा क्रम आम्ही पहिला लावतो, तो दयेपोटी नव्हे. फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसला. ती २०१७ मध्ये शहरात आली, आणि पुढे शहराबाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. त्यांना निदान आपली नगरपरिषद मिळाली. उरलेल्या गावांना शहरातच राहावयाचे आहे. त्यांच्याजवळ होती ती सभा आपण घेतली. ती परत करणे हे या शहरावरचे देणे आहे.

नांदेड, किरकटवाडी किंवा धायरी येथील पहिल्या क्षेत्रसभेची तारीख, वेळ आणि जागा पालिकेने जाहीर करावी. ज्या दिवशी ती जाहीर होईल, त्या दिवशी आम्ही ती याच पानावर, याच जागी, ठळक अक्षरांत छापू.