उत्तर बरोबर, पण समीकरण कुठाय?

6 वह्या आणि 20 रुपयांची पट्टी मिळून 170 रुपये झाले. एक वही केवढ्याला?

सातवीतली मुलं हे गणित बऱ्याचदा उलट्या दिशेने सोडवतात. 170 मधून 20 गेले, 150 उरले, भागिले 6, म्हणजे 25. ‘वहीची किंमत क्ष मानू’ वगैरे काही नाही. मग आपण म्हणतो, बीजगणित आलं नाही, आणि मांडणीचे गुण कापतो.

2004 मध्ये केनेथ कोडिंजर आणि मिचेल नेथन यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं. आकडे आणि रचना तीच, फक्त मांडणी बदलली: गोष्टीच्या रूपात, नुसत्या शब्दांत आणि समीकरणात. बीजगणित नुकतंच शिकणाऱ्या मुलांना समीकरणच सगळ्यात जड गेलं. गोष्ट मात्र त्यांना उलगडत नेता आली, किंवा अंदाज घेऊन पडताळता आली. याआधी, 2000 मध्ये, याच दोघांनी शिक्षकांचे अंदाज घेतले होते. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांचे अंदाज जास्त चुकले. मिडल स्कूलच्या शिक्षकांचे त्या मानाने बरोबर आले.

मग समीकरण हवंच कशाला? हे गणित बघा: 15 टक्के सूट मिळून बॅग 680 रुपयांना पडली. मूळ किंमत किती? इथे उलटं जाताना पाय घसरतो. मुलं 680 चे 15 टक्के काढून मिळवतात आणि 782 लिहितात. पण सूट मूळ किमतीवर आहे, म्हणजे अज्ञात संख्या दोनदा येते. क्ष − 0.15क्ष = 680 मांडलं की 800 सरळ मिळतात. कोडिंजर, मार्था अलिबाली आणि नेथन यांनी 2008 मध्ये दाखवलं, की अशा गुंतागुंतीच्या गणितांत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना समीकरणच सोपं जातं.

या विषयावर काम करायचं असेल, तर ‘पसंती’ हा शब्द जपून वापरा. मुलाला काय आवडतं, तो प्रत्यक्षात काय वापरतो आणि कशाने त्याचं उत्तर बरोबर येतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी प्रश्नावली चालेल. दुसऱ्यासाठी कच्चं काम बघावं लागेल. तिसऱ्यासाठी तेच गणित वेगवेगळ्या रूपांत द्यावं लागेल. नुसती प्रश्नावली वाटून तिन्हींचे निष्कर्ष काढू नका.

आणि हो, उत्तरपत्रिका गोळा करताना मुलांना खोडरबर वापरू देऊ नका. आपला डेटा तिथेच पुसला जातो.