१६ ते १९ शिकवणी निधी (इंग्लंड)

१६ ते १९ शिकवणी निधी हा कोविड-१९ महासाथीमुळे शिक्षणात मागे पडलेल्या १६ ते १९ वर्षे वयोगटातील विद्यार्थ्यांना लहान गटांत पूरक शिकवणी देण्यासाठी इंग्लंडमध्ये राबवण्यात आलेला तात्पुरता शासकीय निधी होता. तो २०२०-२१ ते २०२३-२४ अशी चार शैक्षणिक वर्षे चालू होता. सिक्स्थ फॉर्म असलेल्या शाळा, सिक्स्थ फॉर्म महाविद्यालये आणि व्यावसायिक अभ्यासक्रम चालवणारी पुढील शिक्षणाची महाविद्यालये यांना तो मिळत असे. युनायटेड किंग्डममध्ये शिक्षण हा विषय घटक प्रदेशांकडे असल्याने हा निधी केवळ इंग्लंडपुरता मर्यादित होता.

सिक्स्थ फॉर्म
इंग्लंडमधील माध्यमिक शिक्षण साधारणतः सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षेने संपते. त्यानंतरच्या बाराव्या व तेराव्या इयत्तांना सिक्स्थ फॉर्म म्हणतात. वयाच्या दृष्टीने हा टप्पा महाराष्ट्रातील अकरावी-बारावीला जवळचा आहे. या काळात विद्यार्थी ए-लेव्हल किंवा व्यावसायिक पात्रतेचा अभ्यास करतात. २०१५ पासून इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिक्षण अथवा प्रशिक्षण घेत राहणे आवश्यक आहे.

जीसीएसईच्या इंग्रजी व गणित या विषयांत ९ ते १ अशा श्रेणी असून ४ ही प्रमाणभूत उत्तीर्ण श्रेणी मानली जाते. ती न मिळालेल्या विद्यार्थ्याने सोळाव्या वर्षानंतरही त्या विषयाचा अभ्यास चालू ठेवावा, ही अट २०१४ पासून संस्थांच्या अनुदानाशी जोडलेली आहे. पुढील अनेक अभ्यासक्रम व नोकऱ्या यांसाठी ही श्रेणी मागितली जात असल्याने तिच्या अभावी विद्यार्थ्यापुढील वाटा मर्यादित होतात.

पार्श्वभूमी
शालेय वयातील वंचित विद्यार्थ्यांसाठी इंग्लंडमधील शाळांना २०११ पासून ‘प्युपिल प्रीमियम’ हे अतिरिक्त अनुदान दिले जाते. विद्यार्थी सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्ममध्ये गेला की हे अनुदान थांबते. त्याच्या घरची परिस्थिती मात्र तीच राहते. पुढील टप्प्याच्या अनुदानसूत्रात वंचिततेसाठी काही रक्कम धरलेली असते. परंतु ती संस्थेच्या एकूण अनुदानात मिसळते आणि विशिष्ट विद्यार्थ्यांवरच खर्च करण्याचे बंधन नसते.

याच सुमारास विद्यार्थ्यांना थेट मिळणारी मदतही आटली. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना आठवड्याला ३० पौंडांपर्यंत मिळणारा शिक्षण निर्वाह भत्ता इंग्लंडमध्ये २०११ मध्ये बंद झाला. त्याच्या जागी संस्थांमार्फत वाटला जाणारा तुलनेने लहान बर्सरी निधी आला. सोळा व सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठीचा प्रतिविद्यार्थी मूळ दर २०१३ पासून ४,००० पौंडांवर गोठवलेला होता. तो २०२०-२१ मध्ये ४,१८८ पौंड झाला.

मार्च २०२० मध्ये शाळा व महाविद्यालये बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. २०२१ च्या प्रारंभी पुन्हा तसेच घडले. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी जीसीएसईच्या लेखी परीक्षा रद्द झाल्या. त्यामुळे अभ्यासक्रमाचा काही भाग न शिकताच अनेक विद्यार्थी सिक्स्थ फॉर्ममध्ये आले. स्वतंत्र खोली, संगणक किंवा भरवशाचे इंटरनेट घरी नसलेल्यांचे नुकसान अधिक होते.

निधीची घोषणा व विस्तार
जून २०२० मध्ये शासनाने १०० कोटी पौंडांची शैक्षणिक भरपाई योजना जाहीर केली. तीत सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी तरतूद नव्हती. महाविद्यालयांच्या संघटनांनी यास आक्षेप घेतला. त्यानंतर पुढील महिन्यात या वयोगटासाठी ९.६ कोटी पौंडांपर्यंतचा निधी घोषित झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी एका वर्षासाठी १०.२ कोटी, तर जून २०२१ मध्ये त्यापुढील काळासाठी २२.२ कोटी पौंड जाहीर करण्यात आले. जून २०२१ मधील एकूण भरपाई योजना अपुरी असल्याचे सांगून शासनाचे शैक्षणिक पुनरुत्थान आयुक्त सर केव्हन कॉलिन्स यांनी राजीनामा दिला होता.

कार्यपद्धती
इंग्रजी वा गणितात कमी श्रेणी असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या मागास भागांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर निधीचा मुख्य भर होता. अपंग व विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या विद्यार्थ्यांचा विचार करणेही अपेक्षित होते. शिकवणी या दोन विषयांपुरती मर्यादित नव्हती. ज्या अन्य विषयांचे शिक्षण विस्कळीत झाले, त्यांसाठीही ती देता येत असे.

शिकवणी वैयक्तिक किंवा साधारणतः पाच विद्यार्थ्यांपर्यंतच्या गटात देणे अपेक्षित होते. ती नेहमीच्या तासिकांव्यतिरिक्त असणे आवश्यक होते. निधी वापरून आधीच ठरलेले अध्यापन चालवता येत नसे. निधी कसा वापरला जाईल याचे निवेदन संस्थेला आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागे आणि न खर्चलेली रक्कम परत घेतली जाई.

रक्कम थेट संस्थांना मिळत असल्याने त्या आपल्याच शिक्षकांना जादा तास देऊ शकत, नवे शिकवणी-शिक्षक नेमू शकत किंवा बाहेरच्या संस्थेची मदत घेऊ शकत. विद्यार्थ्याला ओळखणारा शिक्षकच शिकवणी घेत असेल, तर नेमके काय राहून गेले आहे हे शोधण्यात कमी वेळ जातो आणि शिकवणी वर्गातील अभ्यासाशी जोडलेली राहते.

लहान गटाच्या पद्धतीमागे खर्चाचाही विचार आहे. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन या संस्थेच्या संशोधन-आढाव्यानुसार वैयक्तिक शिकवणीचा सरासरी परिणाम सुमारे पाच महिन्यांच्या, तर लहान गटातील शिकवणीचा सुमारे चार महिन्यांच्या अतिरिक्त प्रगतीइतका असतो. म्हणजे परिणामात फारशी घट न होता शिक्षकाचा तोच एक तास अनेक विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतो. हे निष्कर्ष मुख्यतः शालेय वयाच्या विद्यार्थ्यांवरील अभ्यासांतून आलेले असल्याने ते सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अडचणी
शिकवणीची सर्वाधिक गरज असलेल्या विद्यार्थ्यांनाच तिला हजर राहणे पुष्कळदा कठीण जाते. घरखर्चाला हातभार म्हणून केलेली अर्धवेळ नोकरी, लहान भावंडांची वा आजारी व्यक्तीची देखभाल आणि बसचे वेळापत्रक यांमुळे महाविद्यालय सुटल्यानंतरचे तास त्यांच्या सोयीचे नसतात. म्हणून शिकवणी दिवसाच्या वेळापत्रकातच बसवणे आणि प्रवास व जेवण यांसाठी बर्सरी निधी किंवा मोफत जेवणाच्या योजनेची जोड देणे उपयुक्त ठरते.

दुसरी अडचण शिक्षकांची आहे. गणिताच्या शिक्षकांची टंचाई असल्याने पैसा उपलब्ध असूनही शिकवणी-शिक्षक मिळतीलच असे नसते. मंजुरी वर्षागणिक असल्यास कायमस्वरूपी नेमणुका करणेही अवघड होते. तसेच शिकवणीला बोलावणे म्हणजे ‘नापास’ असा शिक्का बसणे, अशी समजूत झाल्यास विद्यार्थी ती टाळतात.

समाप्ती
२०२३-२४ हे शैक्षणिक वर्ष संपताच हा निधी बंद झाला. शाळांसाठीचा राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रमही त्याच वर्षी संपला. मात्र शाळांकडे शिकवणीसाठी वापरता येईल असा प्युपिल प्रीमियम शिल्लक राहिला; सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी तसा पर्याय नव्हता. त्यामुळे शिकवणी चालू ठेवायची, तर संस्थांना ती सर्वसाधारण अनुदानातून भागवावी लागते. एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने या टप्प्यासाठी ‘स्टुडंट प्रीमियम’ सुरू करावा अशी शिफारस केली आहे. महासाथीसाठी आखलेल्या या तात्पुरत्या निधीमुळे प्युपिल प्रीमियम संपतो तेथून सुरू होणारी उणीव चार वर्षे काही अंशी भरून निघाली होती.