फोडणीआधीचा घास

ज्या घरात लहान मूल नुकतेच जेवू लागलेले असते, त्या घरातील स्वयंपाकाला एक अलिखित शिरस्ता असतो: वरण शिजले आहे, पण त्यात मीठ पडलेले नाही, फोडणी बसलेली नाही, अशा नेमक्या क्षणी त्यातील पळीभर भाग वाटीत बाजूला काढायचा आणि मगच उरलेल्या वरणाचे मोठ्यांच्या जिभेला मानवेल ते करायचे. हा क्षण इतका अल्प आणि तो काढणारा हात इतका सहज असतो, की साताऱ्याच्या कचेरीत तीस वर्षे दफ्तरे चाळणाऱ्या आणि दोन्ही वेळा घरीच जेवणाऱ्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनाच्या तो कधी दृष्टीस पडला नाही. तो पडला गेल्या जुलैत, समुद्रावर, जेव्हा तो क्षण आमच्या हाती राहिलाच नव्हता.

मुलगी आणि जावई ब्रिस्बेनला असतात. त्यांनी आम्हा सर्वांसाठी केर्न्सवरून, टॉरेसची सामुद्रधुनी ओलांडून, डार्विनला जाणाऱ्या प्रवासी जहाजाची तजवीज केली होती. नात तेरा महिन्यांची, दात सहा. बहुतेक जहाजकंपन्या सहा महिन्यांखालील मूल घेत नाहीत आणि सलग काही दिवस किनारा दिसणार नसेल तर वर्ष पुरे झाल्याची अट घालतात. त्या अटीत ती जेमतेम बसली. तिच्या अन्नाचे मात्र तसे झाले नाही. कारखान्यात मोहोरबंद केलेल्या डब्यांना मुभा, घरी शिजविलेल्या पदार्थांना बंदी, आणि खोलीत पाणी तापविण्याच्या विजेच्या किटलीलाही मनाई, असा एकूण जाबता असल्यामुळे सौ.ने साताऱ्याहून येतानाच मनात बांधलेले खिमटाचे आणि नाचणीच्या सत्त्वाचे सगळे बेत ब्रिस्बेनच्या स्वयंपाकघरातच राहिले.

जहाजाच्या वरच्या मजल्यावरील भोजनशाळा पाहून मला प्रथम वाटले की उपाशी राहण्याची भीती कोणालाच नाही. दारातच हात धुण्याची सोय आणि ते धुतल्याखेरीज कोणास आत न सोडणारा हसतमुख पहारा, कारण बंदिस्त जहाजावर पोटाचा विकार वणव्यासारखा पसरतो. हा बंदोबस्त सौ.ला इतका पसंत पडला की तिने त्या जहाजाला जवळजवळ सोवळेच मानून टाकले. पण आत मांडलेल्या त्या असंख्य परातींत प्रत्येक पदार्थ पूर्णत्वास गेलेला होता. मीठ पडलेले, मसाला मुरलेला, लोणी ओतलेले; मधल्या अवस्थेतला एकही नाही. घरी बाळाचे अन्न वेगळे काढायचे असते, येथे ते परत मिळवायचे होते.

भाताचे उदाहरण घ्या. तेथील भात लांब दाण्याचा, मोकळा, फडफडीत, म्हणजे पाहुण्यांच्या दृष्टीने उत्तम शिजलेला आणि नेमका म्हणूनच नातीच्या दृष्टीने कच्चा; चमच्याने चिरडला तर दाणा तुटे, पण मिळून येत नसे. सौ.ने तो चहाच्या कपात घेतला, चहाच्या टेबलावरील कढत पाणी दाणे बुडतील इतके त्यावर ओतले, बशी उपडी घातली, आणि ती बशी काढण्याची माझी उत्सुकता दहा मिनिटे केवळ नजरेने रोखून धरली. भात मुरला तसे जादा पाणी निथळून, अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये, बोटाला दाणा लागेनासा होईपर्यंत तिने तो कालवला आणि मागितल्यावर मिळालेली बिनमिठाच्या लोण्याची चिमुकली वडी त्यात जिरविली. हिंदुस्थानी पदार्थांच्या परातीतील डाळीवर तेलाचा लाल तवंग होता. पळी त्याखाली नेऊन तिने तळाची डाळ उचलली, आणि तीत मीठ असणारच म्हणून चार चमचे भाताला एक चमचा एवढेच तिचे प्रमाण ठेवले. एका दिवशी वाढप्याने अमुक रश्शात मीठ मुळीच नसल्याची ग्वाही दिली, सौ.ने तो बोटाने चाखला आणि काही न बोलता माझ्यापुढे सरकविला. तो मी प्यालो. सुग्रास होता, पण ग्वाही खोटी होती.

गाजर, बटाटा, मासा यांची परीक्षा तिने एकाच कसोटीवर चालविली: दोन बोटांत सहज चिरडले गेले तर बाळाच्या हिरड्यांना चालेल. माशाची प्रत्येक पाकळी ती काट्यासाठी चाचपून पाही. द्राक्षे मात्र मऊ असूनही या कसोटीवर सोडायची नसतात. ती गोल आणि गुळगुळीत असल्याने लहान श्वासनलिकेत बुचासारखी बसू शकतात, म्हणून त्यांचे उभे चार भाग. घशाशी घास आला की मूल ओकारी काढते, लाल होते, खोकते, आणि आमची मुलगी त्या आवाजाने खुर्चीतून अर्धी उठे. परंतु आवाज आहे तोवर श्वास आहे, खरी धास्ती निःशब्द मुलाची, हे तिच्या आईने तिला दोन दिवसांत पटविले. आग्नेयेचा वारा सुटला की तळाला रबराचे चोषक असलेली वाटी मेजाला घट्ट राही, पण चमचा आणि तोंड यांची गाठ पडणे सर्वस्वी लाटेच्या मर्जीवर असे.

डार्विनच्या फोर्ट हिल धक्क्याला आम्ही शनिवारी सकाळी लागलो. या बंदराचे नाव 1839 साली बीगल जहाजावरील विकहॅम आणि स्टोक्स यांच्या सफरीत, पूर्वीच्या एका सहप्रवाशाच्या गौरवार्थ ठेवले गेले. तो सहप्रवासी चार्ल्स डार्विन स्वतः येथे कधीच आला नाही. त्या वर्षी तो लंडनमध्ये संसार मांडीत होता आणि डिसेंबरात त्याला पहिला मुलगा झाला. त्या मुलाच्या बाळपणाच्या नोंदी त्याने ठेवल्या आणि अडतीस वर्षांनी, 1877 मध्ये, ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांत असे आढळते की बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलाने अन्नासाठी स्वतःचा एक शब्द बनविला, आणि तो उच्चारताना शेवटी प्रश्नार्थक सूर लावी. शब्द होता ‘मम’. डार्विनने याला भाषेतील मोठी पायरी मानले. आमच्याकडे प्रत्येक आजी तीच पायरी ‘मंमं’ म्हणून आयती हाती देते, हे त्याला सांगायला कोणी नव्हते.

जहाजावरील अन्न किनाऱ्यावर नेण्यास मनाई आहे, कारण फळांतून येणाऱ्या किडीरोगांबद्दल ऑस्ट्रेलियाचे सरकार अत्यंत कडक आहे. सौ.च्या पिशवीतील केळे शिडीच्या तोंडाशीच मला खावे लागले, आणि दुपारच्या मंमंची व्यवस्था शहरात करणे प्राप्त झाले. जुलै हा तेथील कोरडा ऋतू, तरी ऊन तीस अंशांच्या घरात. चारेक किलोमीटरांवरील पॅरप येथे शनिवारचा बाजार भरतो. लोक तेथे लाक्सा नावाच्या, नारळाच्या दुधातील झणझणीत शेवयांच्या रश्श्यासाठी रांगा लावतात आणि कच्च्या पपईची कोशिंबीर खोल उखळात डोळ्यांदेखत कुटून घेतात.

एका दुकानासमोर सौ. थबकली. तेथे पातेले, मिरची, शेवया सगळे उघड्यावर, हाताच्या अंतरावर होते. तिने नातीकडे बोट दाखविले, लाल रश्श्याकडे दाखविले, आणि नकारार्थी हात हलविला. दुकानातील वयस्क बाई मोठ्याने हसली. तिने तांदळाच्या कोऱ्या शेवया साध्या उकळत्या पाण्यात बुडवून काढल्या, कात्रीने अर्ध्या बोटाएवढ्या कापल्या, आणि उकडलेल्या अंड्याची फोड वर ठेवली. पैसे तिने पूर्ण घेतले, हे मला आवडले. शेजारून पिकल्या पपईची फोड आणली. नातीने शेवया मुठीने उचलल्या, अर्ध्या गालाला लावल्या, उरलेल्या खाल्ल्या, आणि संपल्यावर प्रश्नार्थक सुरात तोच शब्द उच्चारला. चार दिवसांत प्रथमच सौ.ला काही धुवावे, निथळावे किंवा लपवावे लागले नव्हते.

पॅरपचा बाजार सकाळी आठला भरतो आणि दुपारी दोनला उठतो. कडेवर मूल असेल तर वाचकांनी पातेल्यात मिरची पडण्यापूर्वी तेथे पोचावे.