खाण्याचे नखरे आणि रात्रीचा एकच स्वयंपाक

खाण्याचे नखरे सर्वाधिक दिसतात ते दोन ते सहा या वयात. काल आवडीने खाल्लेली भाजी आज नको असते, वरणातले कोथिंबिरीचे पान बाजूला काढले जाते आणि नवा पदार्थ चाखायच्या आधीच ताट ढकलले जाते. यामागचे एक कारण वाढीचे आहे. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वाढदिवसानंतर मात्र ते वर्षाला साधारण दोन किलोनेच वाढते. वाढ मंदावली की भूकही कमी होते, पण मोठ्यांच्या मनातला घासांचा हिशेब जुनाच राहतो. दुसरे कारण अनोळखी अन्नाच्या भीतीचे. या वयात ती स्वाभाविक असते आणि बहुतेक मुलांमध्ये वय वाढेल तशी ओसरते.

एखादा नवा पदार्थ मूल स्वीकारते ते बहुधा आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही तो समोर आल्यानंतर. खरी आर्थिक अडचण इथे येते. मुलासाठी मुद्दाम भाजी करायची आणि ती रोज फेकायची, हे मोजून खर्च करणाऱ्या घराला परवडत नाही. मग हमखास खाल्ले जाणारे पाकिटातले नूडल्स किंवा बिस्किटे पुढे येतात. यावरचा उपाय म्हणजे मुलासाठी वेगळा पदार्थ न करणे. घरच्यांसाठी शिजलेल्यातलाच चमचाभर ताटात वाढला, तर तो दहा वेळा नाकारला गेला तरी वाया काही जात नाही.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८०च्या दशकात मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. काय, कधी आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवायचे. त्यातले खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ताटात एक तरी ओळखीचा पदार्थ, म्हणजे तूप-मीठ-भात, पोळी किंवा दही, ठेवला की मूल उपाशी राहत नाही आणि गॅसवर दुसरे भांडे चढवावे लागत नाही. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या सौद्याने चॉकलेटची किंमत वाढते आणि भाजीची आणखी घटते.

पदार्थाइतकेच महत्त्व वेळेलाही आहे. पाळणाघरातून किंवा शाळेतून आल्यावर सहा वाजता बिस्किटे आणि कपभर दूध झाले, तर आठला भूक नसणारच. संध्याकाळचे खाणे आणि जेवण यांत दोन-अडीच तासांचे अंतर हवे. दूध दिवसभरात ४०० ते ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको. दुधाने पोट भरते, पण त्यात लोह नगण्य असते. दुधावरच राहणाऱ्या मुलांमध्ये रक्तक्षय होण्याची शक्यता वाढते.

कामाच्या दिवसांतल्या स्वस्त जेवणाचा पाया म्हणजे कुकरमधली डाळ आणि तांदूळ. डाळीत जे अमिनो आम्ल कमी असते ते तांदळात मिळते आणि तांदळात कमी असलेले डाळीत, म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा वाढतो. मऊ खिचडीसाठी एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, हळद, मीठ आणि चार-साडेचार वाट्या पाणी पुरते. शिजल्यावर मुलाचा वाटा आधी काढून त्यावर तूप घालावे आणि उरलेल्या खिचडीवर लसूण व सुक्या मिरचीची फोडणी ओतावी. वरणाचेही तसेच: घोटलेल्या साध्या वरणातली एक वाटी बाजूला काढली की उरलेल्याची तिखट आमटी करता येते. भातावर लिंबू पिळल्याने डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते. भाजी नकोच असेल त्या दिवशी मऊ भात, मेतकूट आणि तूप हे जेवणही कमी दर्जाचे नाही. मेतकुटात भाजलेल्या डाळी आणि धान्येच असतात.

त्याच आमटीत वरणफळे होतात. काही भागांत त्यांना चकोल्या म्हणतात. हळद, ओवा आणि मीठ घालून मळलेल्या कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि उकळत्या पातळ वरणात आठ-दहा मिनिटे शिजवायचे. पोळी, भात, भाजी असे वेगळे काही लागत नाही. तुकडे छोट्या वाटीने गोल कापण्याचे काम मुलाकडे सोपवता येते. हाताळलेला पदार्थ चाखून पाहायला मुले अधिक तयार असतात.

धिरडी पंधरा-वीस मिनिटांत होतात. बेसन, ज्वारी किंवा नाचणीच्या पिठात किसलेले गाजर वा दुधी, जिरे आणि मीठ घालून पातळ भिजवले की झाले. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून दूध न पिणाऱ्या मुलाला ती विशेष उपयोगी. घरात भाजणी असेल तर थालीपीठ आणि दही पुरे. भाजी किसून पिठात घालणे सोयीचे आहे, पण तेवढ्याने तिची ओळख होत नाही. म्हणून गाजराची एक मऊ वाफवलेली फोड शेजारीही ठेवावी.

उरलेल्या पोळ्यांची फोडणीची पोळी, किंवा गूळ-तूप घालून केलेला पोळीचा लाडू, ही आयत्या वेळची सोय. सकाळचा भात फोडणीला घालायचा असेल तर तो गार झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा; तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात वाढणाऱ्या जिवाणूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. अंडी चालत असतील तर पोळीवर पसरलेले आम्लेट दहा मिनिटांत होते.

प्रथिनांची काळजी बहुधा गरजेपेक्षा मोठी असते. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, २५ ग्रॅम कोरड्या मूगडाळीतही जवळपास तेवढीच, आणि कपभर दुधात सहा-सात ग्रॅम असतात. म्हणजे वरण-भात, पोळी आणि कपभर दूध यांवर ही गरज सहसा भागते.

काही मुलांचा राग चवीवर नसून पोतावर असतो. कालवलेला भात नको, पण भात आणि वरण वेगळ्या वाट्यांत चालते. बुळबुळीत भेंडी नको, पण कुरकुरीत परतलेली चालते. असा फरक ओळखला की पदार्थ न बदलताही प्रश्न सुटतो. वाढताना घासही लहानच ठेवावेत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि अख्खी द्राक्षे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकू शकतात. दाण्याचे कूट करावे आणि द्राक्षे उभी चिरावीत.

नखरेल मूल एका जेवणात थोडे आणि दुसऱ्यात भरपूर खाते, म्हणून हिशेब ताटाचा न ठेवता आठवड्याचा ठेवावा. मात्र वजन वाढायचे थांबले किंवा घटले, गिळताना ठसका लागू लागला, चेहरा फिका पडून मूल सतत थकलेले दिसले, माती किंवा खडू खाऊ लागले, अथवा चालणाऱ्या पदार्थांची यादी आकसत मोजक्या चार-पाचांवर आली, तर तो नखरा समजू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.