वाकलेली फ्रेम : सरळ करावी की बदलावी?



टावर चौकात एखादी गाडी घसरून पडली की दोन मिनिटांत चार माणसे गोळा होतात आणि सल्ला मिळतो, "काही नाही, ठोकून सरळ होईल." हँडल किंवा पायदान असेल तर होतेही. पण गाडीची फ्रेम, म्हणजे तिचा सांगाडाच वाकला असेल, तर हा सल्ला महागात पडू शकतो. सायकल, मोटारसायकल आणि ओबडधोबड जमिनीवर चालणारी चारचाकी 'एटीव्ही', तिन्हींच्या बाबतीत हे खरे आहे.

एटीव्ही आपल्याला वाटते तितकी परकी नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ साली 'बाहा एसएई इंडिया' ही स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका माणसाची अशी गाडी स्वतः आखतात, बनवतात आणि खड्डे, चढ, मातीचे ढिगारे यांतून चार तासांच्या शर्यतीत पळवतात. गाडीचा पिंजरा पोलादी नळ्यांचा असतो. मुख्य नळ्यांच्या पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन हवा, असा नियम आहे. गाडी उलटली तर चालकाला वाचवायचे ते या नळ्यांनीच.

आता एक प्रयोग करा. लोखंडी तार थोडीशी वाकवून सोडा. ती पुन्हा सरळ होते. जास्त वाकवा, ती वाकलेलीच राहते. धातूने एक मर्यादा ओलांडली, की तो आपणहून परत येत नाही. आता ती तार हाताने सरळ करून पाहा. वाकलेल्या जागी लहानसा उंचवटा राहतोच, कारण तेथील धातू वाकताना कडक झालेला असतो. त्याच्या शेजारचा भाग आधी वाकतो. तीच जागा पुन्हा पुन्हा वाकवलीत तर तार तुटते. फ्रेमचेही असेच होते. ठोकून सरळ केलेली नळी दिसायला सरळ दिसते, पण तिची ताकद पहिल्याइतकी राहिली असेलच असे नाही.

म्हणून आधी नेमके काय वाकले ते शोधावे. पुष्कळदा फ्रेम शाबूत असते आणि बंपर, स्टिअरिंगचा दांडा किंवा चाक धरणारी भुजा वाकलेली असते. हे भाग बोल्टने बसवलेले असल्यामुळे बदलता येतात. हँडल सरळ धरूनही गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकीकडेच झिजत असेल किंवा वेल्डिंगजवळचा रंग तडकला असेल, तर फ्रेमवर संशय घ्यावा. एटीव्ही सपाट जमिनीवर उभी करून फ्रेमवरील सारख्या जागांमधली तिरपी अंतरे दोन्ही बाजूंनी मोजावीत. ती समान भरली पाहिजेत. सायकलला मागच्या चाकाच्या एका टोकापासून दोरी पुढे नेऊन, हँडलखालच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला ताणून बांधावी. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंची दोरी सारख्या अंतरावर असली पाहिजे.

निर्णयाचे सूत्र साधे आहे. पोलादी नळीला जोडापासून दूर हलका बाक असेल, सुरकुती किंवा तडा नसेल, तर जाणकार कारागीर फ्रेम साच्यात घट्ट बांधून जॅकने हळूहळू सरळ करू शकतो. नळी चेपली असेल, तिला घडी पडली असेल किंवा सस्पेन्शनच्या जोडापाशी वाकली असेल, तर तो तुकडा कापून नवा बसवावा, नाहीतर पूर्ण फ्रेम बदलावी. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम ठोकण्याच्या भानगडीत पडूच नये. लाल होईपर्यंत तापवून वाकवणे सोपे वाटते, पण उष्णतेची प्रक्रिया केलेले पोलाद त्याने मऊ पडते. वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी काढावी, बॅटरीची जोडणी सोडवावी.

काम झाल्यावर तडा तपासण्याचीही युक्ती आहे. त्या जागी लाल रंगद्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल, तर तिच्यात शिरलेला रंग लाल रेघ होऊन वर येतो.

पालकांसाठी एक गोष्ट. मोटारसायकलच्या फ्रेमवर कोरलेला चेसिस क्रमांकच आर.सी.वर नोंदलेला असतो. त्यामुळे फ्रेम बदलायची झाल्यास आधी आर.टी.ओ.त विचारावे, परस्पर बदलली तर पुढे विमा आणि विक्री दोन्ही अडतात.

आणि मुलांनो, सायकल पडली, आदळली, तर रागावतील म्हणून घरी लपवू नका. रंग खरवडला तर तो नंतरही लावता येईल. पण तडा गेलेली फ्रेम तुटते ती बहुधा भर वेगात किंवा मोठा खड्डा लागल्यावर, नेमकी तिची सर्वांत जास्त गरज असताना.