पिकावरची छत्री : हरितगृहांतील भाजीपाला

आषाढाची झड लागली कीं शहरांतील घराघरांत एक तक्रार ठरलेली असते. कोथिंबिरीची जुडी महागली, मेथी काळवंडून आली, पालक तर हातांत घेववत नाहीं. पौष-माघांत हीच भाजी ढिगानें विकली जाते. भाजीवालीशीं हुज्जत घालून या कोड्याचा उलगडा होत नाहीं. तो सह्याद्रीच्या घाटांत आणि कोंकणच्या पावसांत शोधावा लागतो. हरितगृह म्हणून ज्या वस्तूचा अलीकडे इतका गवगवा आहे, तिचा विचारही येथूनच सुरू व्हावयास हवा.

उल्हास नदीच्या खोऱ्यांतील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन शहरें उदाहरणादाखल घ्यावीं. १९४९ सालीं कल्याणजवळच्या निर्वासितांच्या छावणीचें उल्हासनगर झालें. २०११ च्या शिरगणतींत या तिन्ही शहरांची वस्ती मिळून नऊ लाखांवर भरली. इतक्या तोंडांना लागणाऱ्या भाजीचा मोठा भाग नाशिक, जुन्नर, नारायणगांव या देशावरील मुलखांतून कसारा आणि माळशेज हे घाट उतरून येतो. पावसाळ्यांत दरड कोसळली कीं वाट अडते, आणि वाट अडली कीं भाव चढतो.

मग ही भाजी शहराच्या वेशीवरच कां पिकवूं नये ? बदलापूर-मुरबाडकडचा शेतकरी थंडींत व उन्हाळ्यांत भेंडी, काकडी उत्तम काढतो. पण पावसाळ्यांत त्याच्या शेतांत भात उभा असतो. त्या दिवसांत ठाकर-कातकरी बाया टाकळा, करटोलीं, शेवळें घेऊन बाजाराला बसतात, ती रानाची देणगी. लागवडीच्या पालेभाजीस मात्र हा पाऊस सोसत नाहीं. वर्षाचे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी बहुतेक सारें चार महिन्यांत कोसळतें. थेंबांच्या माऱ्यानें कोवळीं रोपें आडवीं होतात, मातीचे शिंतोडे उडून पानांवर रोग चढतो आणि पाणी सांचल्यानें मुळांचा श्वास कोंडतो.

हरितगृहाचा जन्म थंड देशांत झाला. हॉलंडसारख्या मुलखांत कांचेच्या घराचें काम ऊब राखण्याचें. सूर्यप्रकाश आंत शिरतो, जमीन तापते, जमिनीमुळें हवा तापते, आणि ती तापलेली हवा कांचेमुळें बाहेर निसटत नाहीं. बदलापुरास, जेथें चैत्र-वैशाखांत पारा चाळिसावर जातो, तेथें ऊब कोंडून पिकाचें काय भलें होणार ? म्हणून कोंकणांत हरितगृहाचा अर्थ उलटा लावावा लागतो. येथें तें थंडीपासूनचें पांघरूण नव्हे; ती पावसापासूनची छत्री आहे.

ही दृष्टि एकदां आली म्हणजे रचनेचा उलगडा आपोआप होतो. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर सुमारे २०० मायक्रॉन जाडीचा, उन्हानें लवकर न विटणारा प्लास्टिकचा पडदा ताणलेला असतो. छप्पर उंच ठेवून माथ्याशीं फट ठेवतात. गरम हवा वर चढते व तेथून निघून जाते, आणि तिच्या जागीं बाजूंनीं ताजी हवा येते. बाजूंना कीटक अडविणारी बारीक जाळी असते. उन्हाळ्यांत वर सावलीची जाळी ओढतात. पंखे लावून ओल्या पडद्यांतून हवा खेंचण्याची रीत देशावरच्या कोरड्या हवेंत गुणकारी आहे. पण कोंकणांत श्रावणांतली हवाच पाण्यानें भरलेली असते, तिच्यांत आणखी पाणी मुरणार तें कोठें? उलट त्या दमटपणांत काकडीच्या पानांवर बुरशी माजते.

बंद घरांत मधमाशी शिरत नाहीं, हीही एक अडचण. म्हणून आंत काकडी लावावयाची तर परागकणांवांचूनच फळ धरणारी जात निवडतात. ढोबळी मिरची स्वतःच्याच परागावर फळते. जमिनींत मुळांना गांठी आणणारे सूत्रकृमी मात्र, त्याच वाफ्यांत वर्षानुवर्षें तेंच पीक घेतल्यानें, बेसुमार वाढतात. त्यावर तोड म्हणून कित्येक शेतकरी रोपें मातींत न लावतां नारळाच्या काथ्याच्या भुश्यांत लावतात.

पाण्याचा हिशेब तर विशेष मनोरंजक आहे. दहा गुंठ्यांचें, म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटरांचें छप्पर घ्या. त्यावर वर्षास अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर पंचवीस लाख लिटर पाणी पडतें. ठिबक पद्धतीनें अशा घरास दिवसाला दोन-तीन हजार लिटर पाणी पुरतें; कोरड्या आठ महिन्यांची गरज पांच ते सात लाख लिटरांची झाली. म्हणजे पन्हळीनें छपराचें पाणी अस्तर घातलेल्या शेततळ्यांत सांठविलें, तर बाष्प होऊन उडून जाईल तें वजा घालूनही वर्षाची बेगमी होते. ज्या मुलखांत अंबरनाथ-उल्हासनगरांतून वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें नासलेली आहे, तेथें आकाशांतून आलेलें हें निर्मळ पाणी भाजी खाणाराच्याही हिताचें आहे. जागा मात्र नदीकांठची नको. २००५ व २०१९ च्या जुलैंतील उल्हास नदीचे पूर बदलापूरकर विसरलेले नाहींत. दुसऱ्या पुरांत तर वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकून पडली होती.

आतां पैशाची बाजू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या फलोत्पादन योजनेंत साध्या हरितगृहाचा खर्च चौरस मीटरास हजार रुपयांच्या आसपास धरला होता, व त्याचा निम्मा भाग अनुदान म्हणून देऊं केला होता. उरलेला निम्मा बहुधा कर्जाचा. वादळानें पडदा फाटला किंवा बाजारांत एकाच वेळीं सर्वांची ढोबळी मिरची आली, कीं हप्ता थकतो. २०१८-१९ च्या सुमारास राज्यांतील हरितगृहवाल्या शेतकऱ्यांवर कर्जमाफीसाठीं आंदोलन करण्याची पाळी आली, ती अशाच कारणांनीं. दोष यंत्रविद्येचा नव्हता. देशावरचा नमुना, शहरी बाजारांतील एकच चैनीचें पीक आणि उसना पैसा या तिहींचा मेळ बसला नाहीं.

उल्हास खोऱ्यास म्हणूनच निराळा मार्ग शोभतो. बाजू मोकळ्या, माथ्यावर केवळ पडदा आणि खालीं उंच गादीवाफे, एवढ्या स्वस्त निवाऱ्याखालीं तीस-चाळीस दिवसांत येणारी कोथिंबीर, मेथी, पालक लावावी. बाजार दारांत आहे आणि घाट ओलांडावयाचा नाहीं. भांडवल थोडें असल्यानें एखादा हंगाम बुडाला तरी शेतकरी बुडत नाहीं.

मात्र शेतकऱ्यानें छत्री उभारली म्हणजे काम पुरें झालें असें नव्हे. आषाढांत जुडीला चार पैसे अधिक देणारें गिऱ्हाइक माघांतही त्याच शेतकऱ्याकडे वळलें, तर ती छत्री टिकेल. नाहींतर पहिल्या वादळांत फाटलेला पडदा पुन्हां कोणी ताणणार नाहीं, आणि पुढच्या पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील तीच तक्रार पुन्हां ऐकूं येईल.